करंट लागून माणूस गेला, कोर्टात उभं कोण राहणार?

पावसाळा तोंडावर आला की या सदरात दोन प्रकारची पत्रं वाढतात, एक पीकविम्याची न दुसरी करंटची. या खेपेला करंटची एवढी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. नावं कोणाचीच छापत नाही, काहींच्या केसेस चालू आहेत न गावात कोण कोणाला जाऊन सांगेल याचा नेम नाही.

प्रश्न: भाऊ, रामराम. माह्या बहिणीचा नवरा जिनिंगमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली होता, वय ३५, महिन्याचे १२ हजार. जानेवारी २०२५ मध्ये रातपाळीत हॅलोजनचा स्टँड सरकवाले गेला न तिथंच चिपकला. कापसावर पाणी मारणं चालू होतं, खाली सगळं ओलं, पायात चप्पल नाही. पोलिसांनी मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल केला, पुढं काहीच नाही. चौथ्या दिवशी मुनीम घरी आला, १ लाख रुपये देल्ले न पाचशेच्या बाँडवर बहिणीचा अंगठा घेतला की आता आमची काही तक्रार नाही. ठेकेदार म्हणते तो आमच्या हजेरीतच नव्हता, मालक म्हणते नवी एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) बसवली होती, त्याचीच चुकी. आता केस होते का? (एक वाचक, ता. हिंगणघाट)

उत्तर: भाऊ, पहिले तो बाँड डोक्यातून काढा, कारण तुमच्या पत्रातून दिसते की त्या बाँडपायीच तुम्ही दीड वर्ष गप्प बसले. तुमच्या तारखेच्या घटनेला लागणाऱ्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात साफ लिहिलं आहे की मजूर मेला तर भरपाईची रक्कम मालकानं आयुक्ताकडे जमा करायची, घरी नेऊन दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम उचल म्हणून वळती होते, म्हणजे तुमच्या हिशोबात ३६ हजार. न हक्क सोडल्याचा जो काही करार असेल तो त्याच कायद्यानं रद्दबातल. मुनीमाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. बाँड सांभाळून मात्र ठेवा, फाडू नका, कारण जो माणूस आमच्या हजेरीतच नव्हता त्याच्या बायकोला १ लाख कोणत्या खुशीत दिले हे विचारायला तोच कागद कामी येतो.

भरपाई किती ते तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. पगाराचा अर्धा म्हणजे ६ हजार, त्याला वयाच्या तक्त्यातला आकडा लावायचा, ३५ वर्षांसाठी तो १९७.०६ आहे, गुणाकार ११ लाख ८२ हजार ३६०. वरून क्रियाकर्माचे ५ हजार. महिन्याभरात दिले नाही तर १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजाराच्या वर, न टाळाटाळीला कारण नसेल तर अर्ध्या रकमेपर्यंत दंड वेगळा. ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाकडून घेता येते, मालकानं मग ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा त्यांचा मामला. अर्जाची मुदत मृत्यूपासून २ वर्षं, म्हणजे जानेवारी २०२७ च्या आत. (ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर वाट वेगळी, पण ठेकेदाराच्या मजुराकडे ते कार्ड मी क्वचितच पाहिलं.)

आता एमसीबी. तुम्ही मोबाईलचा जो फोटो पाठवला तो मी मोठा करून पाहिला. हॅलोजनच्या वायरीला पिनच नाही, दोन उघड्या तारा सॉकेटात खुपसून आगपेटीच्या काड्यांनी दाबल्या आहेत. तिसरी, म्हणजे अर्थिंगची हिरवी तार, मागं वळवून टेपपट्टीनं बांधून टाकलेली. हे दृश्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवात, थ्रेशरवर, सगळीकडे दिसते म्हणून डोळ्याला काही वाटत नाही. पण फेजची तार कुठंतरी सोलली न स्टँडच्या लोखंडाला टेकली की करंटला जमिनीत जायला अर्थिंगचा रस्ता नाही, मग तो ओल्या पायाच्या माणसातून जातो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टवर अंगातून जाणारा करंट एका अँपिअरच्या पावभागापेक्षाही कमी. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो दिसतच नाही, माणूस जळून जाईल पण ती पडणार नाही. एमसीबी वायर वाचवाले असते. माणूस वाचवाले वेगळं यंत्र लागते, ईएलसीबी म्हणा की आरसीसीबी, ते ३० मिलीअँपिअरची गळती झाली की लाईन पाडते. तेव्हा "नवी एमसीबी होती" हे मालकाचं म्हणणं बचाव म्हणून काहीच कामाचं नाही, उलट पंचनाम्यात ईएलसीबी होती का, अर्थिंग तपासल्याची नोंद होती का, हे दोन प्रश्न आले असते तर केस तिथंच उभी राहिली असती.

न खरं दुखणं इथंच आहे. अशा मरणात खटला भरणारे तिघं असतात न तिघंही एकमेकांची वाट पाहतात. पोलिसांचा खटला निष्काळजीपणानं मृत्यूचा, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, सजा ५ वर्षांपर्यंत (जुन्या ३०४-अ मध्ये २ वर्षं होती). दुसरा कारखाना निरीक्षकाचा, घटना २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची म्हणून तुम्हाला १९४८ चाच कारखाने अधिनियम, कलम ९२, त्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, न कायद्याच्या सुरक्षेवरच्या भागातला नियम मोडून मृत्यू झाला असेल तर दंड २५ हजाराच्या खाली नाही. तिसरा विद्युत निरीक्षकाचा, २००३ च्या वीज कायद्याखाली. दुसऱ्या न तिसऱ्या खटल्यात तुम्ही-आम्ही सरळ कोर्टात जाऊन फिर्याद देऊ शकत नाही. कारखान्याच्या खटल्यात तक्रार निरीक्षकाची पाहिजे नाही तर त्याची लेखी मंजुरी, विजेच्या कायद्यात कलम १५१ नं निरीक्षक, सरकारचा अधिकृत अधिकारी, वीज नियामक आयोग न वीज कंपनी यांच्या तक्रारीला, नाही तर पोलिसांच्या अहवालाला, एवढ्यांनाच दार उघडं. म्हणून लोक तालुका कोर्टात वकील लावून अर्ज टाकतात न तो फेटाळला की म्हणतात न्याय नाही राह्यला. अर्ज चुकीच्या दारात टाकला होता, एवढंच.

तुमच्या बाबतीत वीज कायद्यातल्या छोट्या कलमाची, जिथं सजा ३ महिन्यांची, मुदत १ वर्षाची, ती गेली असं धरून चला. कारखाना निरीक्षकाला मात्र गुन्हा समजल्यापासून ३ महिन्यांची मुदत असते. समजल्यापासून, घडल्यापासून नाही. मालकानं अपघाताची सूचना दिलीच नसेल तर घड्याळ अजून सुरूच झालं नाही असं म्हणायला जागा आहे, त्यामुळं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख पाहा. पोलिसांच्या कलम १०६ ला सजाच ५ वर्षांची असल्यानं मुदतीची आडकाठी नाही. ठाणेदार गुन्हा नोंदवत नसेल तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, तरी काही नाही झालं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडं.

यातलं काहीही करायच्या आधी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागा. ते तिथं आलेच नसतील तर तेही लेखी मिळेल, न "अपघात कळवलाच नाही" हाही एक भंग आहे, मृत्यूची खबर निरीक्षकाला २४ तासांत द्यावी लागते. हजेरी नव्हती म्हणतात ना, मग फोनपेवर आलेले पगार, सोबतच्या मजुरांचे जबाब, दवाखान्यात कोण घेऊन गेलं याची नोंद, हीच तुमची हजेरी.

प्रश्न: मी दाल मिलमध्ये कामाले आहे, पगार १८ हजार. कागदावर मले फॅक्टरी मॅनेजर दाखवलं, फॉर्मवर सही माझी. मशीनच्या पट्ट्यावर गार्ड नाही, बोर्डाचं झाकण उघडं, दहादा सांगून झालं, शेठ म्हणते सिझन झाल्यावर पाहू. उद्या काही झालं तर मीच आत जाईन का? (ता. बाळापूर)

उत्तर: जाऊ शकता, खोटं कशाला सांगू. कायद्यात जबाबदार दोघं, भोगवटादार (कारखान्याचा शेवटचा ताबा ज्याच्या हातात तो) न मॅनेजर. पण शेठ सुटत नाही. कंपनी असेल तर भोगवटादार म्हणून संचालकालाच उभं राहावं लागते, पगारी नोकराला भोगवटादार दाखवून संचालकांनी बाजूला होता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या निकालात पक्कं केलं. तुमच्या बचावाची जागा म्हणजे, आपण योग्य ती काळजी घेतली, खरा दोषी अमुक, हे सिद्ध करणं. तोंडानं दहादा सांगितलं याला कोर्टात काही किंमत नाही. आज संध्याकाळी व्हॉट्सअपवर शेठला फोटोसकट लिहा, गार्ड नाही, झाकण उघडं, मशीन बंद ठेवायची परवानगी द्या, न दोन निळ्या टिका आल्या की स्क्रीनशॉट काढून पोराच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. पत्र दिलं न पोच घेतली तर आणखी चांगलं. नोकरी जाईल ही भीती मला कळते, पण आरोपीच्या पिंजऱ्यात हेल्पर, वायरमन, सुपरवायझर हेच पहिले दिसतात हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, न त्यांच्या हातात कागद नसतो म्हणूनच दिसतात.

दिल्लीच्या उपहार टॉकीजचं उदाहरण यासाठी सांगण्यासारखं आहे. १३ जून १९९७, ५९ माणसं गेली. आगीचं मूळ तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ज्याची दुरुस्ती त्याच दिवशी सकाळी झाली होती, न केबलची लग (टोकाची जोडणी) यंत्रानं नीट दाबून न घेता हातोडीनं ठोकून बसवली होती. ठिणग्या उडाल्या, तेल पेटलं, धूर वर हॉलमध्ये. दुरुस्ती करणारे वीज मंडळाचे लोक दोषी ठरलेच, पण मालकही ठरले, कारण बाहेर पडायचे रस्ते त्यांनी खुर्च्या वाढवून बंद केले होते. निकाल लागायला २००७ उजाडलं, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये मालकांना ३०-३० कोटी भरायला लावलं, न २०१७ च्या फेरविचारात दोघांपैकी एकाला वर्षभराच्या कैदेतली उरलेली भोगायला पाठवलं. कैद पुरेशी झाली का यावर लोक अजून भांडतात, माझंही मत आहे की नाही झाली. पण हातोडी मारणारा न तिकीट विकणारा एकाच आरोपपत्रात आले, ही गोष्ट तुमच्या शेठला वाचून दाखवा.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतरच्या घटनेला मात्र नवी व्यवसाय सुरक्षा संहिता. तिच्यात कर्तव्य मोडून मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी ५ लाख दंड किंवा दोन्ही, न त्या दंडातला किमान अर्धा हिस्सा मेलेल्याच्या वारसांना द्या असं कोर्ट म्हणू शकते. जुन्या कायद्यात दंड सरकारी तिजोरीत जायचा न विधवा बाहेर बाकावर बसून राहायची, तेवढा फरक चांगला झाला. वाईट हे की कारखाना कशाला म्हणायचं त्याची संख्या १० वरून २० मजुरांवर गेली, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक छोट्या मिला त्या व्याख्येतूनच बाहेर. (जुन्या अधिनियमात एक कलम खास आपल्यासारख्या कापूसवाल्यांसाठी होतं, २७ नंबरचं, कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारं यंत्र) चालू असलेल्या प्रेसिंगमध्ये बाईमाणूस न लेकरू कामाला लावायचं नाही असं. ते कधी कोणी पाळलं हे माझ्या वडिलांनाही आठवत नव्हतं.)

प्रश्न: माझा मुलगा लाईनवर झिरो वायरमन. खऱ्या वायरमननं सांगितलं फिडर (सबस्टेशनवरून येणारी लाईन) बंद आहे चढ, हा चढला, उलट करंट आला, उजवा पंजा काढावा लागला. आता म्हणतात तो आमचा माणूसच नाही, स्वतःहून चढला. (एक आई, ता. राळेगाव)

उत्तर: ताई, ज्यांना झिरो वायरमन म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी, कागदावर नसलेला पण खांबावर असलेला माणूस. मेहनताना वायरमन आपल्या खिशातून देतो न गावातले डिओ (ट्रान्सफॉर्मरजवळचे फ्यूज) हाच टाकतो.

पोलिसांना एकच गोष्ट मागायला लावा, त्या दिवशीचं सबस्टेशनचं लॉगबुक. फिडर बंद करायचं परमिट कोणाच्या नावावर, किती वाजता निघालं, किती वाजता परत दिलं. परमिट निघालंच नसेल तर चढ म्हणणारा फसला. निघालं असेल तर पुढचा प्रश्न, दोन्ही बाजूंनी तारा शॉर्ट करून अर्थिंगचा रॉड टाकला होता का. उलट करंट बहुतेक वेळा कोणाच्या तरी जनरेटर नाही तर इन्व्हर्टरचा असतो, गाव अंधारात न एकाच घरी लाईट, चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाईन तोडून जनरेटर जोडणारा) न लावता सरळ मेनमध्ये जोडलेला, न रॉड टाकलेला असता तर तो तिथंच जमिनीत गेला असता. त्या संध्याकाळी कोणाकडं जनरेटर चालू होता ते गाव तुम्हाला सांगेल, पोलिसांना नाही सांगणार, तेव्हा नावं तुम्हीच लिहून द्या.

"आमचा माणूस नाही" याचं उत्तर नियमातच आहे. लाईनवर काम करायला कोण नेमलेलं आहे त्याची नावानिशी यादी ठेवावी लागते, यादीत नसलेल्याला चढवणं हाच भंग. ते जितकं ओरडून सांगतील की नाव यादीत नव्हतं तितका त्यांचाच पाय खोलात. भरपाईत पंजा गेल्याला कमाईची ६० टक्के हानी धरतात, तो अर्ज वेगळा करा, फौजदारीची वाट पाहत बसू नका. न मुलाचा जबाब तो दवाखान्यात शुद्धीवर असतानाचा आहे का ते तपासा, नसेल तर आता सविस्तर लिहून द्या, वायरमनचं नाव न फोन केल्याची वेळ घालून. वायरमनची कीव येत असेल, त्याच्या घरीही लेकरं आहेत, पण त्याच्यावर झिरो ठेवायची पाळी कोणी आणली, किती गावं एका माणसाच्या गळ्यात मारली, हे त्यालाच कोर्टात सांगू द्या.

प्रश्न: आमच्या बांध्यांमध्ये डुकरं न रोही (नीलगायी) काहीच ठेवत नाहीत. जागलीला जायची हिंमत होत नाही, वाघ फिरतो. रात्री धुऱ्याच्या ताराले करंट सोडला तर नेमकी कलमं कोणती लागतात? (ता. ब्रम्हपुरी)

उत्तर: कलमं विचारून करंट सोडणारे तुम्ही पहिले भेटले. ऐका मग. माणूस मेला तर पोलीस इथं निष्काळजीपणाचं १०६ लावून थांबत नाहीत, कलम १०५ लावतात, सदोष मनुष्यवध, कारण जिवंत तार धुऱ्यावर सोडली की कोणीतरी मरू शकते हे तुम्हाला माहीत होतं, तुमचं हे पत्रच बघा ना. १० वर्षांपर्यंत. आकडा टाकून घेतला असेल तर वीजचोरीचं १३५ वेगळं. वाघ मेला तर वन्यजीव कायद्यात कमीत कमी ३ न जास्तीत जास्त ७ वर्षं, दंड २५ हजारापासून पुढं. न मेलेला माणूस बहुतेक वेळा शेजारचाच असतो, पहाटे पाणी पाहायला निघालेला.

सोलर झटका मशीन घ्या. तिच्यात करंट सलग नसतो, सेकंदाला एखादा क्षणभराचा ठोका येतो, जनावर दचकून मागं होते, चिपकत नाही. मशीन नावाजलेली न प्रमाणित घ्या, न तिला कोणी "जोर कमी आहे" म्हणून घरच्या लाईनवर जोडून देत असेल तर त्याला वावरात पाय ठेवू देऊ नका. पिकाचं नुकसान झालं की वनविभागाकडं अर्ज करा, मिळते ते तोकडं असते हे मान्य, पण मिळते.

प्रश्न: वावरातून गेलेली लाईन एवढी खाली लोंबली आहे की कडब्याची गाडी अडकते. परवा तार तुटून बैल गेला. कंपनीचे लोक म्हणतात वाऱ्यानं तुटली, आमची काय चूक. (ता. मेहकर)

उत्तर: ११ केव्हीपर्यंतची उघडी तार रस्त्याबाहेर, वावरात सुद्धा, जमिनीपासून ४.६ मीटर वर पाहिजे. मधला झोल जिथं सगळ्यात जास्त तिथं मोजायचं, खांबाजवळ नाही. लांबून, तारेला काठी न लावता, कडब्याच्या गाडीशी तुलना होईल असा फोटो काढा. चूक नाही म्हणणाऱ्यांना २००२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा, मध्य प्रदेश वीज मंडळाचा, पावसात रस्त्यावर पडलेल्या तारेवरून सायकलवाला गेला होता न मंडळ म्हणत होतं की दुसऱ्यानंच चोरून आकडा टाकला होता. कोर्ट म्हणालं एवढी धोक्याची वस्तू चालवता तर चूक कोणाची हे न पाहता भरपाई द्यावीच लागेल. फौजदारी खटल्यात चूक दाखवावी लागते, भरपाईत नाही, हा फरक ध्यानात ठेवा. तुम्ही आधी लाईन लोंबल्याचा अर्ज दिला होता का ते पत्रात नाही, दिला असेल तर त्याची पोच शोधा, फौजदारीत तीच चूक दाखवते.

बैलाचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून झाल्याशिवाय पुरू नका, वास सुटला तरी. तलाठी न विद्युत निरीक्षक दोघांना आजच लेखी कळवा, तारेचा तुटलेला तुकडा कंपनीचे लोक पंचनाम्याआधी घेऊन जात असतील तर अंगावर न जाता मोबाईलवर शूटिंग करा, न गाडीचा नंबर दिसू द्या.